वीजपुरवठादार बदलण्याआधी मांडायची बेरीज

एकाच घराला वीज विकणाऱ्या अनेक कंपन्या असतात आणि त्यांतली एक निवडण्याची मुभा ग्राहकाला असते, अशा ठिकाणी राहणाऱ्याला आहे त्याच पुरवठादाराकडे राहावे की दुसरीकडे जावे, हा प्रश्न वर्षातून एकदा तरी पडतोच. मी गेली काही वर्षे हा हिशेब स्वतः मांडतो आहे, त्यात दोन वेळा सपशेल चुकलोही आहे आणि त्यातून माझे एक पक्के मत झाले आहे. जाहिरातीत ठळक अक्षरांत छापलेला युनिटचा दर हा तुलनेच्या कामी सर्वांत कमी उपयोगाचा आकडा आहे. तुलना करायची ती आपल्याच घराच्या बारा महिन्यांच्या वापरावर निघणाऱ्या एकूण रकमेची, आणि ती रक्कम कोणतीही कंपनी आपल्याला आपणहून सांगत नाही.

आधी एक भीती बाजूला करू. पुरवठादार बदलला म्हणजे वीज वारंवार जाईल, दाब कमी मिळेल किंवा नवीन तार ओढावी लागेल, असे अनेकांना वाटते. तसे काहीही होत नाही. खांब, तारा आणि रोहित्रे सांभाळणारी संस्था वेगळी असते आणि ती बदलत नाही. वीज खंडित झाली तर तक्रार तिच्याकडेच जाते आणि दुरुस्तीला तिचीच माणसे येतात, मग बिलाच्या माथ्यावर नाव कोणाचेही असो. पुरवठादार बदलतो म्हणजे घाऊक बाजारातून आपल्यासाठी वीज घेणारा आणि आपल्याला बिल पाठवणारा तेवढा बदलतो. याच कारणामुळे बिलातला वहन आकार आणि कर यांना ग्राहकाच्या निवडीने धक्का लागत नाही. स्पर्धा होते ती उरलेल्या भागात, आणि म्हणूनच ‘बिल अर्ध्यावर आणा’ अशी जाहिरात दिसली की ती तिथेच मिटवावी.

उरलेल्या भागातही दोन आकडे असतात, एक महिन्याचा स्थिर आकार आणि दुसरा युनिटचा दर. चलन कोणतेही धरा. एका योजनेत स्थिर आकार 300 आणि युनिटचा दर 6 आहे, तर दुसरीत स्थिर आकार 100 आणि दर 8 आहे. महिन्याला 60 युनिट जाळणाऱ्या एकट्या माणसाला पहिल्या योजनेत 660 भरावे लागतील आणि दुसरीत 580, म्हणजे ज्या योजनेचा दर चढा दिसतो तीच त्याला स्वस्त पडते. महिन्याला 250 युनिट लागणाऱ्या कुटुंबाचे गणित बरोबर उलटे होते: पहिलीत 1800, दुसरीत 2100. या दोन योजनांची समसमान रेषा 100 युनिटांवर आहे. शेजाऱ्याने छातीठोकपणे सुचवलेली योजना आपल्याला महाग पडते ती यामुळेच. शेजारी खोटे बोललेला नसतो, त्याच्या घरात माणसे जास्त असतात.

तेव्हा पहिले काम म्हणजे आपली युनिटे माहीत करून घेणे. परवा मी बारा बिले टेबलावर महिन्यांच्या क्रमाने मांडली तेव्हा लक्षात आले की त्यांतल्या चार बिलांवर वाचनापुढे बारीक अक्षरांत ‘अंदाजे’ असे छापलेले आहे. त्या चार महिन्यांत मीटर कोणी वाचलाच नव्हता. मागच्या वर्षीच्या वापरावरून आकडा बसवला होता, आणि मागच्या वर्षी आमच्या घरात दोन माणसे अधिक राहत होती. त्या आकड्यांवर तुलना केली असती तर जास्त वापराच्या घराला सोयीची योजना मी स्वतःच्या गळ्यात बांधून घेतली असती. शेवटी विजेरी घेऊन जिन्याखाली गेलो, मीटरच्या काचेवरची धूळ पुसली आणि आकडा वहीत उतरवला. दशांशचिन्हानंतरचा लाल चौकटीतला आकडा सोडून, कारण तो युनिटात धरायचा नसतो. स्मार्ट मीटर असलेल्यांना हा खटाटोप करावा लागत नाही, परंतु त्यांनीही वर्षाची एकूण बेरीज एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी.

एकच सरासरी आकडा तुलनेला वापरला की काय होते, याचा उत्तम नमुना अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये मिळतो. तिथे 2002 पासून राज्याच्या बहुतांश भागात घरगुती ग्राहकाला पुरवठादार निवडता येतो, आणि प्रत्येक योजनेसोबत महिन्याला 500, 1000 व 2000 युनिट वापरल्यास सरासरी दर किती पडेल, याचे पत्रक देणे बंधनकारक आहे. नियम चांगलाच आहे. पण तुलनेच्या यादीत लोक 1000 युनिटांचा रकाना पाहतात, हे कंपन्यांनी हेरले आणि बरोबर त्या आकड्यावर बेतलेल्या योजना बाजारात आल्या. उदाहरणादाखल समजा, दर 18 सेंट आहे आणि 1000 युनिट पूर्ण झाल्यावर बिलात 100 डॉलरची सूट मिळते. नेमक्या 1000 युनिटांना 180 डॉलरमधून 100 वजा होऊन 80 डॉलर उरतात, म्हणजे यादीत युनिटमागे 8 सेंट झळकतात आणि योजना सर्वांत वर जाऊन बसते. त्याच महिन्यात 990 युनिट वापरणाऱ्याला मात्र 178 डॉलरच्या वर भरावे लागतात. दहा युनिटे वाचवल्याचा हा दंड! पत्रकात खोटे काहीच नसते आणि तरीही फसगत होते. ज्याने बारा महिन्यांची वेगवेगळी युनिटे एकेक करून त्या योजनेत घालून पाहिली, तोच यातून सुटतो.

सवलतीच्या टक्केवारीबद्दलही असेच म्हणता येईल. वीस टक्के सूट म्हणजे कशावर वीस टक्के, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. ऑस्ट्रेलियात प्रत्येक कंपनीचा मूळ दर वेगळा असे, त्यामुळे मोठ्या सुटीची योजना लहान सुटीच्या योजनेपेक्षा महाग निघू शकत असे. शिवाय सूट बऱ्याचदा वेळेवर बिल भरण्याच्या अटीवर असे, आणि ओढाताणीत दिवस काढणारी कुटुंबेच ती अट चुकवत. तिथल्या स्पर्धा आयोगाने 2018 मध्ये या प्रकारावर बोट ठेवले आणि 1 जुलै 2019 पासून काही राज्यांत सवलत एका ठरावीक संदर्भ रकमेच्या तुलनेतच जाहीर करण्याचा नियम आला. मला हा नियम या क्षेत्रातला सर्वांत शहाणपणाचा नियम वाटतो, कारण तो ग्राहकाला हुशार होण्याचा उपदेश करत नाही. तो कंपन्यांना एकाच मापाने मोजायला लावतो.

आता माझी पहिली चूक. एका वर्षाच्या मुदतीची, बऱ्यापैकी स्वस्त योजना मी घेतली आणि निर्धास्त झालो. मुदत संपत आल्याचे पत्र आले होते, परंतु ते जाहिरातीच्या कागदांसारखेच दिसत असल्याने रद्दीत गेले. त्यानंतर सात महिने आम्ही कंपनीच्या सर्वसाधारण दराने, म्हणजे ज्याने काहीच निवडले नाही त्याला लागणाऱ्या चढ्या दराने, बिल भरत राहिलो. हे माझ्या एकट्याच्या आळसाचे फळ असते तर मी त्याबद्दल लिहिले नसते. ब्रिटनमध्ये घरगुती ग्राहकांना पुरवठादार निवडण्याचा हक्क 1999 पर्यंत सर्वत्र मिळाला होता, आणि तरीही तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने 2016 मध्ये चौकशी पूर्ण केली तेव्हा सहा मोठ्या कंपन्यांचे सुमारे 70 टक्के घरगुती ग्राहक अशाच महाग, आपोआप लागू होणाऱ्या दरावर असल्याचे आढळले. कंपन्यांचा धंदा याच गणितावर चालतो: नव्याला कमी दराने आत घ्यायचे आणि जुन्याकडून ती कसर भरून काढायची. जो जागचा हलत नाही तोच जास्त भरतो. 2019 च्या जानेवारीपासून ब्रिटनमध्ये या आपोआप दरावर कमाल मर्यादा लागू करावी लागली, यातच बाजाराने स्वतःहून काय केले नाही ते दिसते.

दुसरी चूक नेमकी उलट्या दिशेची होती. पहिल्या चुकीने पोळल्यामुळे मी यादीतला सर्वांत स्वस्त पर्याय डोळे मिटून घेतला आणि त्यात वर्षाची रक्कम आगाऊ भरायची होती. कंपनी टिकली म्हणून माझे नुकसान झाले नाही. पण वीज ही साठवून ठेवलेली वस्तू नव्हे आणि स्वस्तात विकणाऱ्याने ती आधी स्वस्तात घेऊन ठेवली आहे की नाही हे आपल्याला दिसत नाही, हे मला तेव्हा कळतच नव्हते. जर्मनीत टेलडाफॅक्स नावाची कंपनी आगाऊ पैसे घेऊन स्वस्त वीज देत असे. ती 2011 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि लाखो ग्राहकांचे पैसे अडकले. ब्रिटनमध्ये 2021 मध्ये घाऊक दर भडकले तेव्हा पुढची खरेदी आधी करून न ठेवलेल्या दोन डझनांहून अधिक कंपन्या एकामागून एक बंद पडल्या. ग्राहकांची वीज गेली नाही, त्यांना नियामकाने दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवले, पण त्या व्यवस्थेचा खर्च पुढे सगळ्यांच्याच बिलांत आला.

घाऊक दर थेट ग्राहकाला लावणाऱ्या योजनांची तर मला धास्तीच वाटते. फेब्रुवारी 2021 च्या हिमवादळात टेक्सासचा घाऊक दर युनिटमागे 9 डॉलरपर्यंत पोहोचला आणि ग्रिडी या कंपनीच्या ग्राहकांना काही दिवसांच्या वापरासाठी हजारो डॉलरची बिले आली. इतर दिवशी हीच योजना स्वस्त पडत होती, हेही खरे आहे. पण वर्षभर थोडे थोडे वाचवून एका आठवड्यात सगळे घालवण्याची जोखीम, ज्या घराच्या गाठीला चार पैसे नाहीत त्या घराने घेऊ नये. दिवसाच्या वेळेनुसार ठरलेले दर ही त्या मानाने सौम्य गोष्ट आहे. तिथेही फायदा होतो तो ज्यांचा वापर खरोखर हलवता येतो त्यांनाच: पाणी तापवण्याची टाकी, कपडे धुण्याचे यंत्र, विजेवर चालणारी गाडी. संध्याकाळी सगळे घरी येतात, दिवे लागतात, स्वयंपाक होतो. तो वापर रात्री दोन वाजता नेता येत नाही आणि अशा योजनांत नेमका त्याच तासांचा दर सर्वांत चढा असतो.

हे सगळे पाहण्याचे ओझे घराघरांतल्या माणसांवर का असावे, हा प्रश्न उरतोच. तुलना करून देणारी संकेतस्थळे आहेत, पण त्यांतली अनेक कंपन्यांकडून दलाली घेतात आणि दलाली न देणाऱ्या योजना त्यांच्या पहिल्या पानावर दिसतीलच असे नाही. नियामकाचे स्वतःचे संकेतस्थळ असेल तर ते आधी उघडावे. योजनांची संख्याच कमी करणे हा उपाय ब्रिटनने करून पाहिला. प्रत्येक कंपनीला जास्तीत जास्त चारच प्रकारचे दर ठेवण्याचे बंधन घातले आणि काही वर्षांतच, त्याने स्पर्धा कमी होते असे ठरवून, ते मागे घेतले. मला त्या मागे घेण्यामागचा युक्तिवाद कधीच पूर्ण पटलेला नाही. चाळीस योजनांतून योग्य ती निवडण्याचे स्वातंत्र्य कागदावर भरघोस दिसते, पण त्याचा उपयोग ज्याच्याकडे मोकळी संध्याकाळ आणि गणकयंत्र आहे त्यालाच होतो. वृद्ध, कामाने पिचलेले आणि कागदपत्रांना बिचकणारे लोक मात्र इतरांच्या सवलतीची किंमत भरतात.

या वेळी बेरीज मांडल्यावर आम्ही पुरवठादार बदलला. सर्वांत स्वस्त योजना सोडून तिसऱ्या क्रमांकाची घेतली, कारण तिच्यात मध्येच बाहेर पडण्याचा दंड नव्हता आणि आगाऊ रक्कमही भरायची नव्हती. बदलाच्या दिवशी सकाळी मीटरचा फोटो काढून ठेवला, आणि ते बरेच झाले, कारण जुन्या पुरवठादाराचे अंतिम बिल आले ते पुन्हा ‘अंदाजे’च होते आणि त्यावरचा आकडा फोटोतल्या आकड्यापेक्षा 140 युनिटांनी जास्त होता. फोटो जोडून पत्र पाठवले, आणि दुरुस्त बिल यायला पाच आठवडे लागले.