पाचशे एकावा माणूस

सोलापुरात पाचशे माणसं म्हणजे घरगुती कार्यक्रम. बारशालासुद्धा होतात. हे ईमेलच्या कंपन्यांना कोण सांगणार? जीमेलच्या फुकटच्या खात्यावरून दिवसाला ५०० जणांनाच पत्र जातं. मजकूर एक, बटण एकदाच दाबलेलं, तरी मोजतात ती घेणाऱ्यांची डोकी. बीसीसीत, म्हणजे इतरांना न दिसणाऱ्या पत्त्यांत, लपवली तरी सुटत नाहीत. पंगतीत खांबाआड बसला म्हणून केटरर कधी ताट धरायचं सोडतो का?

माझ्याकडे शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची यादी आहे, साडेसातशेच्या वर नावांची. संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी, पुण्या-बंगळुरूला पांगलेले सोलापूरकर घरी येतात, म्हणून मेळावा तेव्हाच. निमंत्रणाचं काम माझ्याकडे, कारण "तुला कॉम्प्युटर कळतंय की बे". असं एकदा कुणीतरी चारचौघांत म्हणालं आणि मी जन्माचा अडकलो.

माझी ईमेलची कंपनी कुठली ते राहू दे. निमंत्रणं सुटली आणि थोड्याच वेळात तिनं खात्याला कुलूप घातलं. म्हणे, "संशयास्पद हालचाल आढळली. चोवीस तासांनी प्रयत्न करा." संशयास्पद कोण? चौथीत माझ्या डब्यातली शेंगाचटणी खाणारा? तो संशयास्पद होताच, पण ते यांना कसं कळलं?

कंपन्यांचीही एक बाजू आहे म्हणा. ३ मे १९७८ ला गॅरी थुअर्क नावाच्या विक्रेत्यानं अमेरिकेतल्या अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, जवळजवळ ४०० जणांना एका दमात कॉम्प्युटरची जाहिरात धाडली. नको असलेल्या ईमेलचा हा मूळपुरुष. मर्यादा त्यालाही आडवी आलीच. सगळे पत्ते पत्त्याच्या जागेत मावेनात, उरलेले खाली मजकुरात सांडले. त्याला लोकांनी शिव्या घातल्या आणि दंड आम्ही भरतोय.

त्यात जुने पत्ते. कुणाची नोकरी सुटली, कुणाची कंपनीच बुडाली, कुणी स्वतःच वर गेला. 'मेलर डेमन' नावाचा एक इसम ही पत्रं इमानेइतबारे परत आणून देतो. आमच्या यादीतला सगळ्यात तत्पर माणूस तोच. न पोचणारी पत्रं वाढली की कंपनीचा संशय आणखी बळावतो, ते वेगळंच.

"व्हॉट्सअ‍ॅपवर टाका की," हिनं सुचवलं. टाकलं. तिथं ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची, आणि ज्याच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह असेल त्यालाच निरोप पोचतो. त्यानिमित्तानं आपला नंबर कुणाकुणाकडे नाही, हे कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

शेवटी यादीचे दोन भाग केले. अर्धे आज, अर्धे उद्या. आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमानं, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. पण सोलापुरात 'उद्या' हा शब्द पाण्याच्या बाबतीत चालतो, मानाच्या बाबतीत नाही. यात्रेच्या मिरवणुकीतले सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, बघा. प्रत्येकाचा मान ठरलेला, क्रम ठरलेला. अशा गावात अर्ध्या लोकांना निमंत्रण एक दिवस उशिरा गेलं!

'पी'वाले पाटील तर नेमके दोन्ही भागांच्या सीमेवर आले. एका पाटलाला मिळालं, त्याच्या सख्ख्या भावाला नाही. वाटण्या होऊनही बोलत असलेले ते भाऊ त्या रात्री बोलेनासे झाले. खरा भडका मात्र यादीच्या शेपटाला, येमूल-यन्नम मंडळींत. सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्वभागातून पहिला फोन आला तो असा: "आम्ही काय वायझेड आहे का बे?"

मी त्याला ५०० ची मर्यादा समजावली. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते पाचशे कुणी निवडले?"

पुढच्या वर्षी मेळाव्याच्या समितीची बैठक बसली. दोन तास कडक भाकरी आणि चर्चा दोन्ही चघळून झाल्यावर ठराव झाला की यंदा यादी उलटी लावायची, झेडपासून एपर्यंत. मी तशी लावली. येमूल-यन्नम खूश. उरलेल्यांना रीतसर दुसऱ्या दिवशी पत्र गेलं, आणि लगेच 'ए'वाल्यांतल्या सर्वांत ज्येष्ठ काकांचा फोन आला.

"मर्यादा-बिर्यादा मला सांगू नको," काका म्हणाले. "नंदीध्वजांचा क्रम कधी उलटा लागलेला बघितलायस का बे?"