बंड्या, व्हॅन गॉग आणि करडा कागद

बंड्याच्या पुतणीने चित्रकलेच्या पदवीला प्रवेश घेतल्याचं कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक होतंच. बंड्याने टेकायच्या आधीच तोंड सोडलं. "चार वर्षं! सफरचंदं काढायला! अरे, कलाकार जन्मावा लागतो, बाकी सगळं फोनवर व्हिडिओ बघून शिकता येतं. व्हॅन गॉग कुठल्या कॉलेजात गेला होता?"

"अँटवर्पच्या कला अकादमीत, १८८६ साली," निशा म्हणाली. "पुढचं नाव घे."

बंड्याने पुढचं नाव घेतलं नाही, आवाज वाढवला. "पण टिकला का तिथे?"

"नाही टिकला. शिक्षकांशी पटलं नाही. मग पॅरिसला जाऊन कॉर्मों नावाच्या चित्रकाराच्या स्टुडिओत शिकायला बसला. व्हिडिओ बघत घरी नाही बसला."

सुहासने नोकरीचं विचारलं. प्रश्न रास्त होता. हमी कुणीच देत नाही, हे निशानेही मान्य केलं. पण बंड्या 'सगळं फोनवर शिकता येतं' वर अडलेला.

"बरं," निशा म्हणाली, "माझ्या चित्रकलेच्या पदवीत, सुरुवातीच्या फाउंडेशनच्या वर्गात, आम्हाला एकच करडा कागद दिला. त्याचे दोन तुकडे दोन वेगळ्या रंगांवर ठेवायचे आणि ते दोन निराळे रंग वाटले पाहिजेत. ब्रश नाही, रंग नाही. योसेफ आल्बर्स नावाचा चित्रकार-शिक्षक १९५० पासून अमेरिकेतल्या येल विद्यापीठात असले धडे द्यायचा. रात्रभर कागद कापले. पहाटे लालवरचा तुकडा हिरवट दिसायला लागला आणि हिरव्यावरचा तांबूस. तेव्हापासून मी कुठल्याही भिंतीला नुसती पांढरी म्हणत नाही."

कुणीच बोललं नाही, म्हणून तिने पुढे रेटलं. "आणि क्रिट, म्हणजे वर्गासमोर कामाची चिकित्सा? काम भिंतीला टाचायचं, आपण गप्प उभं राहायचं. वर्गाने 'छान आहे' म्हणायचं नाही. नजर आधी कुठे जाते, कुठे अडते, ते सांगायचं. तुझा व्हिडिओ तुझ्या चित्राकडे बघत नाही, बंड्या."

मी टाळी दिली. मला तरी पदवीचं सगळं मोल यातच दिसतं: रोज हात चालवायचा, आणि जाणत्या नजरांसमोर उभं राहायचं.

"जन्मजात कलाकार म्हणे! शाळेत तुझ्या वहीत बेडूक कुणी काढला होता?" निशाने जुनं उकरलं.

"आणि त्याला मार्क कापले!"

"नावं तू घातलीस म्हणून. यकृताला हृदय लिहिलंस!"

मग कोण ऐकतंय! सुहास तर कट्ट्यावरून घसरला, आणि बंड्या आपला तावातावाने पटवत राहिला की त्या बेडकाचं हृदयच चुकीच्या जागी होतं.