ठाण्याच्या मावशी आठवल्या

अमेरिकन कॉमेडियन जूडी गोल्डच्या '25 क्वेश्चन्स फॉर अ ज्यूइश मदर' या एकपात्रीवरची तुमची पोस्ट छान आहे, पण एक राहिलंच, ती नुसती स्वतःच्या आईची नक्कल नाही करत, तिने अमेरिकाभर 50 च्या वर ज्यू आयांना गाठून प्रश्न विचारले, मग नाटककार केट मोइरा रायनबरोबर स्क्रिप्ट लिहून 2006 ला न्यूयॉर्कच्या ऑफ-ब्रॉडवेला (म्हणजे तिथल्या छोट्या व्यावसायिक थिएटरात) आणलं. तेच तर खरं भारी आहे! नाहीतर सारखी काळजी करणारी ज्यू आई हा जोक आता घासून गुळगुळीत झालाय.

आमच्या ठाण्याच्या शेजारी बेने इस्राएल (म्हणजे आपल्याकडच्या मराठी ज्यू) मावशी होत्या, मूळ अलिबागकडच्या, शुक्रवारी दिवेलागणीला मुलगा दहा मिनिटं लेट झाला की गॅलरीतून अस्सल मराठीत उद्धार आणि तो दारात आला की लगेच "जेवलास का रे?" त्यांच्यावर करा की कोणीतरी एकपात्री.