मांस वाढेल, पण मेंढी सुखानं व्याली पाहिजे

ताई, काश्मीरच्या जनुक-संपादित कोकराबद्दल मी आनंदानं लिहिलं, त्यावर तुम्ही विचारलंत: "निसर्गात ढवळाढवळ करून मुक्या जिवाचे हाल करायचे, याचं कौतुक कसलं?" हालांची तुमची काळजी रास्त आहे. दोष मात्र ढवळाढवळीचा नाही, असं मला वाटतं.

स्नायूंच्या वाढीला मायोस्टॅटिन नावाचं प्रथिन लगाम घालतं. १९९७ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्याचा जनुक बंद केलेल्या उंदरांचे स्नायू दुप्पट-तिप्पट झाले. बेल्जियन ब्लू गाईंत तोच जनुक आपोआप बिघडलाय, त्यातली डीएनएची ११ अक्षरं गळालीत. तिथं प्रयोगशाळा नव्हतीच. माणसानं मांसल जनावरं निवडून पैदास केली, आणि आज त्यांची बहुतेक वासरं पोट फाडून काढावी लागतात. काश्मीरच्या कृषी विद्यापीठानं मे २०२५ मध्ये जाहीर केलेल्या कोकरात हाच जनुक क्रिस्पर या जनुक-कात्रीनं बदललाय, बाहेरचं काही घातलेलं नाही.

मी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातला, माडग्याळी मेंढ्यांत वाढलो. मेंढी रात्री अडली, कोकरू आडवं आलं, की वडील हाताला तेल लावून बसायचे. डॉक्टर सकाळी मिळाला तर मिळाला. मेंढ्यांचा वाडा रानात उतरलेला असतो, तिथं सिझेरियन कोण करणार? म्हणून मेंढपाळ आधी विचारेल, ही आपल्या पायांनी चालेल का, आपली आपण विईल का. किलोचा हिशोब त्यानंतर.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक संकरातून दख्खनी मेंढीत आणला. नारी सुवर्णा ती हीच. तो बदल एकाच अक्षराचा, पण कळप वाढवणारा. तिथंही दोन कोकरांना आईचं दूध पुरतं का, हे बघावंच लागतं. टेक्सेल या मांसल विदेशी मेंढीत तर मायोस्टॅटिनचा लगाम सुटलेला नाही, नुसता सैल झालाय. मला आशा वाटते ती अशा सैल लगामाची.

एका जागी तुमचं खरं आहे. "असा मेंढा उद्या आपल्या कळपात यावा" हे मी उतावीळपणे लिहिलं. त्या मेंढ्यापासून गाभण राहिलेल्या किती मेंढ्या विनामदत व्याल्या, हा आकडा पाहिल्याशिवाय माडग्याळीत तो सोडू नये. ते वाक्य लेखातून आजच काढलं.