ब्लाइंडला बाटल्या बांधणाऱ्यांनो…

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. अकराव्या मजल्यावरच्या काकांनी वाऱ्याने हलू नये म्हणून हॉलमधल्या रोलर ब्लाइंडच्या (साखळी ओढून वरच्या पाइपवर गुंडाळायचा कापडी पडदा) खालच्या पट्टीला, दोन्ही टोकांना, सुतळीने लिटर-लिटरच्या पाण्याच्या बाटल्या बांधल्यात. खाली ओळ: "आता हलवून दाखव म्हणावं!" त्यावर धडाधड अंगठे. दुपारी घोडबंदरवर आभाळ भरून आलं, वारा सुटला आणि त्याच खिडकीतून ठण्ण, ठण्ण. बाटली काचेवर.

काय जुगाड, काय जुगाड म्हणणाऱ्यांनो, जरा हिशोब करा. ताशी ३६ किलोमीटरचा वारा सेकंदाला १० मीटर येतो. असा वारा समोरून अडवला की दर चौरस मीटरला साधारण ६ किलोचा रेटा. पाच बाय पाच फुटांच्या स्लायडिंग खिडकीचं अर्धंच उघडं धरलं तरी सात किलोच्या आसपास. समोर दोन किलो पाणी! आणि वारा दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. मग बाटल्या काय, पाटा-वरवंटा बांधा.

वजनाने ब्लाइंड थांबत नाही, तो फक्त जास्त जोरात आपटतो. शिवाय वरचा पाइप मधोमध वाकतो, कापड एका बाजूला सरकत गुंडाळलं जातं, कडा ब्रॅकेटला घासून धागे सुटतात आणि साखळीचं चाक घसरायला लागतं. मग "माल हलका निघाला" म्हणायचं.

पहिलं म्हणजे ब्लाइंडचं शीड करणं बंद करा. हॉलची खिडकी उघडी, समोर किचनची उघडी, मध्ये ब्लाइंड पूर्ण खाली. वारा जाणार कुठून? एक तर किचनची खिडकी लावा, नाहीतर ब्लाइंड वर घ्या. आपल्याकडच्या स्लायडिंगचा एक भाग कायम बंदच असतो, तरी सगळे अख्ख्या खिडकीला एकच रुंद ब्लाइंड शिवून घेतात. दोन अरुंद घ्या ना. बंद काचेपुढचा खाली, उघड्या बाजूचा वर. मध्ये दोन बोटं उजेडाची फट राहते, हो, राहते. बाटलीपेक्षा बरी.

आता धरून ठेवायचं कसं. सगळ्यात स्वस्त उपाय चुंबकाचा. २० बाय १० बाय ३ मिलिमीटरचे निओडिमियम, खालच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना एकेक. इथेच निम्मे लोक फसतात. खिडकीची चौकट ॲल्युमिनियमची किंवा यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची, तिला चुंबक चिकटतच नाही. म्हणून समोर लोखंडी पट्टी लागते. गंजू नये म्हणून कुणी हौसेने ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा वॉशर लावतो, त्यालाही जवळजवळ चिकटत नाही. ४३० ग्रेडचं चालतं, नाहीतर साधं लोखंड, वर रंगाचे दोन हात. पट्टी डबल टेपने ग्रॅनाइटवर किंवा चौकटीवर लावा, आधी स्पिरिटने पुसून, आणि एक दिवस ताण देऊ नका. डिस्टेंपरच्या भिंतीवर लावलीत तर रंगासकट हातात येईल. चुंबक फार जोरदारही नको. मोठ्या झोताला तो सुटायलाच हवा, नाहीतर कापड फाटतं.

कायमचं करायचं असेल तर तार. नायलॉनचं आवरण असलेली २ मिलिमीटरची स्टीलची तार, वर ब्रॅकेटला, खाली कट्ट्यावरच्या हुकाला, आणि पट्टीच्या टोकांची कडी तिच्यातून सरकणारी. खाली छोटी स्प्रिंग घाला. तार सतारीसारखी ताणली की ब्रॅकेट वाकतो आणि ब्लाइंड वर जाताना अडकतो. बाल्कनीसाठी कडेच्या खोबणीतून बॅगेच्या चेनसारखे सरकणारे ब्लाइंड मिळतात. महाग आहेत, पण वाऱ्याला तेच टिकतात हे मान्य करावं लागेल.

उभ्या पट्ट्यांच्या व्हर्टिकल ब्लाइंडवाल्यांनी खालची मण्यांची बारीक साखळी तुटली म्हणून फेकू नये. तिच्याशिवाय पट्ट्यांची वेणी होते. जोराचा वारा असेल तर पट्ट्या वाऱ्याच्या दिशेने उभ्या वळवा, मधून जाऊ दे त्याला. आडव्या पट्ट्यांच्या व्हेनेशियनला खालच्या पट्टीत अडकणारे दोन ब्रॅकेट येतात, फिटर ते बहुतेक वेळा पिशवीतच ठेवून जातो.

फिटरवरून आठवलं. जिप्समच्या फॉल्स सीलिंगला नुसते स्क्रू मारून ब्रॅकेट लावणाऱ्यांना काय म्हणावं? आत प्लायची पट्टी नसेल तर वाऱ्याच्या चार हिसक्यांत स्क्रूसकट सगळं खाली. त्याऐवजी खिडकीवरच्या काँक्रीटच्या लिंटेलमध्ये मारा. वेळ लागतो, बिट झिजतं, म्हणून कुणी मारत नाही.

आणि एका गोष्टीवर मात्र मी चिडूनच बोलणार. ब्लाइंड हलू नये म्हणून त्याच्या साखळीचा फास करून ग्रिलला अडकवतात. घरात दोन वर्षांचं मूल! साखळीचा लोंबता फास लहान मुलाच्या गळ्यात बसू शकतो. साखळी ताणून धरणारा प्लास्टिकचा तुकडा बहुतेकदा ब्लाइंडसोबतच येतो, तो भिंतीला स्क्रूने पक्का करा. दोरी असेल तर ती जमिनीपासून दीड मीटरच्या वर गुंडाळून ठेवा. यात "आमच्याकडे नाही होत असं" चालत नाही.

"सरळ कापडी पडदा लावा की", असं कमेंटमध्ये येणारच आहे. लावा. फडफडेल, पण आपटणार नाही. पावसात भिजला की वास मात्र तुमचा.

काकांना बोलायचं नव्हतं, खरं तर. दुकानदाराने वाऱ्याचं काही विचारलं नाही, फिटरने सांगितलं नाही, माणसाने आपलं डोकं चालवलं. पण ती काच बाटलीच्या पातळीवर, कडेच्या अगदी जवळ मार खातेय, आणि टफन्ड काच कडेलाच नाजूक असते. काका, बाटल्या आज रात्रीच सोडा. सुतळी राहू द्या. वादळाचा इशारा आला की ब्लाइंड पूर्ण वर गुंडाळून दोन ठिकाणी बांधायला ती लागेल.