पोरीच्या वाक्यावर लाल फुली कशाला?

आज डोकं फिरलंय माझं, आधीच सांगून ठेवते. लेकीचा इंग्रजीचा पेपर घरी आलाय, सहावीचा. 'फ्रुगल', म्हणजे काटकसरी, हा शब्द वाक्यात वापरा असा प्रश्न. पोरीनं लिहिलंय, 'माय ग्रँडमदर इज फ्रुगल, शी वॉशेस द मिल्क पॅकेट अँड पुट्स दॅट वॉटर इन द टी.' त्यावर ही एवढी लाल फुली! ग्रामर बरोबर, स्पेलिंग बरोबर, आज्जीचं वर्णन तर शंभर टक्के बरोबर. का चूक म्हणून विचारलं तर म्हणे गाइडमधलंच वाक्य लिहायचं होतं.

आणि गाइडमधलं वाक्य काय, तर 'ही लिव्ड अ फ्रुगल लाइफ.' ह्यातनं काय डोंबल कळतंय? फ्रुगल काढा, हॅपी घाला, लाँग घाला, सॅड घाला, वाक्य चालतंयच की. व्याख्या तर त्याहून भारी, 'इकॉनॉमिकल इन एक्स्पेंडिचर', म्हणजे आधी एक शब्द येत नव्हता, आता तीन येत नाहीत. पोरीला एक्स्पेंडिचर म्हणजे काय विचारलं तर म्हणायली, मम्मी ते परीक्षेला नाहीय.

आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत एक सर होते. फळ्यावर शब्द लिहायचे, आम्हाला येणाऱ्या चार सोप्या शब्दांत इंग्रजीतच त्याचा अर्थ सांगायचे आणि मग एकेकाला उठवायचे, कर वाक्य. अट एकच, वाक्यात तुझ्या घरातलं नाहीतर शेतातलं कायतरी आलं पाहिजे. 'रिलक्टंट' आला तेव्हा मागच्या बाकावरचं पोरगं उठून म्हणालं, 'अवर बुलक इज रिलक्टंट टू क्रॉस द मलप्रभा.' अख्खा वर्ग फुटला, कारण तो बैल सगळ्यांच्या ओळखीचा, पाण्याशी आला की पाय रोवून उभा, शेपूट पिळा नाहीतर काठी घाला, हलायचा नाही. सरांनी 'वा रे पठ्ठ्या' म्हणून ते वाक्य फळ्यावर लिहिलं. गाइडमध्ये असलं वाक्य कोण छापणार?

आणि सोप्या शब्दांत व्याख्या हे काय खेडवळ खूळ नव्हे हां. मायकेल वेस्ट म्हणून एक इंग्रज मास्तर ढाक्याला होता, त्यानं इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी १९३५ ला डिक्शनरी काढली, २४,००० नोंदी आणि सगळ्या व्याख्या १,४९० शब्दांत. १९७८ ला लाँगमन प्रकाशनवाल्यांनी त्यांच्या डिक्शनरीत साधारण २,००० शब्दांत तेच केलं. म्हणजे शब्द समजावताना त्याच्याहून अवघड शब्द वापरायचा नाही, एवढी साधी गोष्ट. आणि आपण २०० रुपयांच्या गाइडला कवटाळून बसायलोय.

आता कोणतरी म्हणणार, मराठीतच अर्थ सांगितला की झालं. होय, 'बॅट' म्हणजे वटवाघूळ हे मराठीतच सांगा आणि मोकळे व्हा, तिथं व्याख्या पाठ करणं येडेपणाच. पण रिलक्टंटला नुसतं 'नाखूश' सांगून भागलं असतं काय? तो बैल नाखूश नव्हता हो, काठावर मजेत चरायचा, पाण्यात उतरायचं म्हटलं की नको. ते वाक्यातनंच कळलं.

त्या मॅडमवर पण किती चिडू. एका वर्गात साठ पोरं, घरात मराठी नाहीतर उर्दू, बाहेर कन्नड, पगार सांगायला लाज वाटेल एवढा. प्रत्येकाचं वेगळं वाक्य तपासायला वेळ लागतो, मान्य. आणि पोरांचं वाक्य बरोबर का चूक असं कुणी वर विचारलं तर गाइड दाखवता येतं, त्यांना पण नोकरी टिकवायचीय.

पण म्हणून फुली? अर्धा मार्क द्यायचा, काहीच नको म्हणत असाल तर नुसती बरोबरची खूण करायची. बैलवाल्या पोराला सरांनी तेव्हा खाली बसवलं असतं तर त्यानं परत तोंड उघडलं असतं काय? आज तो चोर्ला घाटातनं गोव्याला भाजीची गाडी नेतो आणि तिकडच्या हॉटेलवाल्यांशी इंग्रजीत भाव करतो, ग्रामर मोडकं असंल, अडत नाही त्याचं. आणि आमची ही, कालपर्यंत घरभर वाक्यं करत फिरणारी, आज गाइड उघडून बसलीय.

शनिवारी पालक मीटिंग आहे. हे म्हणायलेत एका मार्कासाठी कशाला जातीस. मार्क गेला खड्ड्यात, मला ते गाइड टेबलावर ठेवून एवढंच विचारायचंय, मॅडम, हा शब्द तुम्हाला येत नसता तर ह्या वाक्यातनं कळला असता काय? ज्यांची पोरं त्याच वर्गात आहेत त्यांनी अकरा वाजता शाळेच्या गेटवर या, मागनं व्हॉट्सॲपवर अंगठे पाठवू नका.