हिरवं कडं आणि गळका नळ

नोकरी शोधायला निघालात ना? मग स्वतःचं नाव गुगलवर टाकून बघायच्या भानगडीत अजिबात पडू नका. ते काम एचआरचं. त्यांना त्याचा पगार मिळतो, तुम्ही फुकट कशाला राबायचं? शिवाय काय बाहेर येईल याचा नेम नाही. एका मोबाइल कव्हरखाली तुम्ही रात्री दीड वाजता लिहिलेलं पाच परिच्छेदांचं परीक्षण असेल, आणि त्यात विक्रेत्याच्या खानदानाचा उद्धार असेल. राहू द्या. चिवटपणा दिसतो त्यातून.

ईमेलचा पत्ताही बदलू नका. शाळेत असताना काढलेला तो ‘डेंजर राजकुमार’, पुढे अंडरस्कोअर, पुढे जन्मसाल. काय वजन आहे त्याला! जीमेल आलं २००४ साली, १ एप्रिलला, आणि कित्येकांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली होती. तुमच्या पत्त्यावरून आलेला अर्ज उघडताना आजही कुणाला तसंच वाटत असेल, तर परंपरा टिकवल्याचं श्रेय तुमचं.

आता लिंक्डइन, म्हणजे नोकरी-धंद्याच्या ओळखींची साइट. तिथे नावाखालच्या ओळीला २२० अक्षरं मिळतात. ‘अकाउंटंट, सहा वर्षांचा अनुभव’ एवढ्यात काम भागतं, पण मग उरलेल्या जागेचं करायचं काय? लिहा: ‘स्वप्नद्रष्टा. बदलाचा शिल्पकार. आकड्यांमागचा माणूस शोधणारा प्रवासी.’ वाचणाऱ्याला तुम्ही नेमकं काय करता ते कळता कामा नये. कळलं की तो लगेच तुमच्या कामाबद्दल प्रश्न विचारायला लागतो.

नुसती ओळ लिहून थांबू नका, पोस्ट लिहा. रोज. घरातला नळ गळतोय? प्लंबरला फोन करू नका, आधी मोबाइल काढा. ‘आज पहाटे चार वाजता माझा नळ गळत होता.’ एक ओळ सोडा. ‘मी तो बंद केला नाही.’ पुन्हा एक ओळ सोडा. ‘मी त्याचं ऐकलं.’ खाली नेतृत्वाचे सात धडे. सातवा सुचला नाही तर पहिलाच शब्द बदलून पुन्हा टाका, तिथपर्यंत कुणी पोहोचत नाही. शेवटी ‘तुम्हाला काय वाटतं?’ हे हवंच. अशा पोस्टखाली ‘अप्रतिम!’, ‘डोळ्यांत पाणी आलं’ असे अभिप्राय येतात. ते लिहिणाऱ्यांचे फोटो जरा मोठे करून बघा. निम्म्यांच्या फोटोभोवती हिरवं कडं असतं. तेही नोकरीच शोधतायत आणि तुम्ही त्यांच्या नळाला लाइक कराल, या आशेवर आहेत.

हिरव्या कड्याचं सांगायलाच हवं. ‘मी कामासाठी उपलब्ध आहे’ हे सांगणारं ते कडं लिंक्डइनने २०२० मध्ये आणलं. ते न लावताही फक्त भरती करणाऱ्यांना कळेल अशी सोय आहे, आणि तुमच्या सध्याच्या कंपनीतल्या भरतीवाल्यांपासून ही बातमी लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं. पण पूर्ण खात्री देत नाही, असं तेच सांगतं. मग अर्धवट लपण्यात काय अर्थ? सरळ कडं चढवा. साहेब तुमच्या यादीत आहेतच. सोमवारी त्यांनी केबिनमध्ये बोलावलं तर सांगा, पर्यावरण सप्ताह चालू आहे.

मुलाखतीच्या आदल्या रात्री मुलाखत घेणाऱ्याचं प्रोफाइल उघडा. एकदा बघून थांबू नका. जेवताना बघा, झोपण्यापूर्वी बघा, तीन वाजता जाग आली तर तेव्हाही बघा. कोण येऊन गेलं हे लिंक्डइन त्यांना कळवतं, त्यामुळे सकाळपर्यंत तुमची चांगली ओळख झालेली असते. नाव लपवून बघायची सोय आहे म्हणे, पण फुकट खात्यात मग तुमच्याकडे कोण डोकावलं ते तुम्हालाही दिसत नाही. एवढा त्याग कोण करणार?

जुन्या पोस्टची फार धास्ती घेऊ नका. फेसबुकवर त्या एका फटक्यात फक्त मित्रांपुरत्या करता येतात, पण त्यासाठी सेटिंगमध्ये शिरावं लागतं आणि आपल्याला वेळ कुठे आहे! ग्रुप ‘खासगी’ आहे ना, मग झालं. हार्वर्डमध्ये प्रवेश मिळालेल्या काही मुलांनाही असंच वाटलं होतं. फेसबुकवरच्या खासगी ग्रुपमध्ये त्यांनी अचकटविचकट मीम टाकली, आणि २०१७ मध्ये विद्यापीठाने किमान दहा जणांचे प्रवेश परत घेतले. खासगी ग्रुपमध्ये स्क्रीनशॉट काढणाराही आपलाच माणूस असतो, एवढंच.

आणि काढून टाकाल तरी किती? इंटरनेट अर्काइव्ह १९९६ पासून वेबची पानं साठवतंय, त्यात तुमचं एखादं नसेलच असं नाही. युरोपातल्या न्यायालयाने २०१४ मध्ये गुगलच्या खटल्यात नागरिकांना स्वतःबद्दलची जुनी माहिती हटवायला लावायचा दिलासा दिला खरा, पण तो नाव शोधल्यावर येणाऱ्या दुव्यापुरता. मूळ पान जिथल्या तिथेच राहू शकतं. त्यापेक्षा हॉलिवूडचे दिग्दर्शक जेम्स गन यांचा आदर्श ठेवा. जुन्या ट्वीटपायी डिस्नेने त्यांना २०१८ मध्ये काढलं आणि २०१९ मध्ये सन्मानाने परत घेतलं. तुमचंही असंच होईल. फक्त त्याआधी जगभर कोट्यवधी डॉलर कमावणारे दोन सिनेमे दिग्दर्शित करून ठेवा.

राहिली ऑनलाइन मुलाखत. तिची तयारी म्हणजे शर्ट, हे मी अनुभवाने सांगतो. इस्त्रीचा शर्ट घाला, मागची भिंत मोकळी करा, लॅपटॉपच्या आत मात्र हात लावू नका. गेल्या खेपेला मी तेच केलं. समोरचे साहेब म्हणाले, तुम्ही केलेला रिपोर्ट दाखवा. मी स्क्रीन शेअर केली. एकोणतीस टॅब उघडे होते. त्यातल्या एकावर ‘पगार किती सांगावा’ एवढं वाचता येत होतं, दुसऱ्यावर साहेबांचं स्वतःचं प्रोफाइल. तेही त्यांनी खपवून घेतलं. रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर असताना कोपऱ्यात व्हॉट्सॲपची पट्टी सरकत आली. मित्राचा निरोप होता: ‘सोडलं का रे त्या टकल्याने?’

साहेबांनी तो शांतपणे वाचला. चष्मा वर सरकवला, तो गुळगुळीत डोक्यावरून घसरून पुन्हा नाकावर आला.

म्हणाले, “अजून दहा मिनिटं लागतील. कळवा त्यांना.”